सीमा राखतं कोण?

सजीव कुठं संपतो आणि बाहेरचं जग कुठं सुरू होतं, यावरचा सध्याचा वाद दोन्ही बाजू वाईट रीतीनं लढवत आहेत. एका बाजूला व्याख्यानांतून आणि व्हिडिओंतून ठासून सांगणारी मंडळी आहेत. तुमच्या शरीरात तुमच्या पेशींच्या दसपट जिवाणू आहेत, तुमचे अणू रोज बदलतात, तेव्हा 'मी' नावाची हद्द हा निव्वळ भ्रम आहे, आणि आपल्या पूर्वजांना हे कधीचंच ठाऊक होतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला नव्या गणितानं भारावलेले लोक आहेत. सजीवाची सीमा आता समीकरणात सापडली, तिला मार्कोव्ह ब्लँकेट म्हणतात, पेशीपासून अख्ख्या पृथ्वीपर्यंत सगळ्याला ती लागू पडते, आणि मन कवटीत संपतं की बाहेर सांडतं याचाही निकाल तीच देईल, असा त्यांचा विश्वास. पहिल्यांना सीमा पुसण्याची घाई झाली आहे, दुसऱ्यांना आखण्याची. माझं म्हणणं असं की संख्याशास्त्रीय सीमा ही खरी आणि कामाची चीज आहे, पण तिच्यावरून फार तर कुठंतरी सीमा राखली जाते आहे एवढं कळतं. ती कोण राखतं, कशाच्या जोरावर आणि किती काळ, हे विचारल्याखेरीज सजीवाबद्दल आपण काहीच बोललेलो नसतो. आणि नेमका हाच प्रश्न दोन्हीकडून टाळला जातो.

आधी ही कल्पना काय आहे ते पाहू, कारण तिच्यावर बोलणारे पुष्कळ आणि ती समजावून सांगणारे थोडे. पावसाळ्यात सांगलीला कृष्णेची पातळी किती चढेल याचा अंदाज बांधायचा आहे असं धरा. कोयनेच्या पाणलोटात किती पाऊस झाला हे कळलं तर अंदाज सुधारतो. पण वरच्या सगळ्या धरणांतून किती विसर्ग सुटला आणि धरणांच्या खालच्या खोऱ्यात किती पाऊस पडला, हे नेमकं हाती असेल तर धरणामागच्या पावसाचा आकडा आपल्या ज्ञानात भर घालत नाही. त्या पावसाचा परिणाम नाहीसा झालेला नाही, तो विसर्गाच्या आकड्यात आधीच जमा झालेला आहे. अशा मधल्या चलांचा, म्हणजे बदलत्या राशींचा, संच, जो कळला की त्याच्या पलीकडचं काही कळून उपयोग नसतो, त्याला मार्कोव्ह ब्लँकेट म्हणतात. नाव रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांचं, संकल्पना संगणकशास्त्रज्ञ जुडेया पर्ल यांनी १९८८ साली मांडलेली, आणि मूळ हेतू अगदी व्यवहारी: अनिश्चित माहितीवरून यंत्रानं अनुमान कसं काढावं, कोणत्या गोष्टी लक्षात घ्याव्यात आणि कोणत्या बिनधास्त सोडून द्याव्यात.

या उदाहरणातच दोन अटी दडल्या आहेत आणि पुढचा सगळा घोळ त्या विसरल्यानं होतो. पहिली अट चलांची. खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा हिशेबात धरायचा की नाही यावरून दर मोठ्या पुरानंतर जे भांडण होतं, ते एका अर्थानं यादीत कोणते चल घ्यायचे याचंच भांडण आहे. दुसरी अट काळाची. आजचा विसर्ग आजच्या पातळीचा प्रश्न मिटवतो, परवाचा मिटवत नाही. परवासाठी धरणामागचा पाऊस पुन्हा महत्त्वाचा होतो. म्हणजे सीमा कुठं पडली हे सांगताना कोणत्या चलांमध्ये आणि किती काळाच्या हिशेबात, हे सांगावंच लागतं. ते न सांगता केलेलं विधान अर्धवट असतं.

हे गणित जीवशास्त्रात आणलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांनी. हे गृहस्थ हलके नव्हेत. मेंदूच्या प्रतिमांवरून निष्कर्ष काढण्याची त्यांची संख्याशास्त्रीय पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. २०१३ साली त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं: जी व्यवस्था भोवतालात विरून न जाता दीर्घकाळ टिकते, तिच्या आत आणि बाहेर यांच्यामध्ये असा चलांचा पडदा असतोच. त्याचे दोन भाग पाडता येतात. एक बाहेरची बातमी आत आणणारा, म्हणजे संवेदनेचा. दुसरा आतली हालचाल बाहेर पोचवणारा, म्हणजे कृतीचा. आणि हा पडदा टिकून आहे म्हटल्यावर आतल्या घडामोडी जणू बाहेरच्या जगाबद्दल अनुमान काढत असल्यासारख्या वागतात. संगणकावर आदिम रसायनांच्या रश्श्यासारखं काहीतरी घोळवून त्यातून अशी आतबाहेर रचना आपोआप उभी राहिल्याचंही त्यांनी दाखवलं.

यातली ताकद नाकारण्यात अर्थ नाही. 'आकड्यांवरून काढलेली सीमा म्हणजे कागदावरची सीमा' असं म्हणणाऱ्यांनी पेशीपटलाचा इतिहास आठवावा. १८९०च्या दशकात अर्न्स्ट ओव्हर्टन यांनी कोणते पदार्थ पेशीत चटकन शिरतात आणि कोणते अडतात याच्या नोंदी ठेवल्या. चरबीत विरघळणारे पदार्थ सहज आत जातात हे पाहून पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असलं पाहिजे, असं अनुमान त्यांनी केलं. ते आवरण कुणी पाहिलेलं नव्हतं. सुमारे पाच नॅनोमीटर जाडीची वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसणारच कशी? १९२५ साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडल यांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी पाण्यावर पसरली. तिनं व्यापलेलं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणून आवरण दुपदरी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गंमत अशी की त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना खाऊन गेल्या. उत्तर मात्र बरोबर आलं. पटलाचं प्रत्यक्ष चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून यायला १९५०चं दशक उजाडावं लागलं. काय आत जातं, काय जात नाही, एवढ्याच हिशेबावरून सीमा ओळखली गेली होती आणि ती खरी निघाली. तेव्हा अनुमानानं सीमा शोधण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप पुढच्या उडीला आहे.

ती उडी यल्ले ब्रुइनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी पकडली. त्यांनी दोन ब्लँकेटं वेगळी केली, एक पर्ल यांचं आणि एक फ्रिस्टन यांचं. पर्ल यांचं ब्लँकेट आपण बनवलेल्या नमुन्यात असतं, म्हणजे संशोधकाच्या नकाशात. फ्रिस्टन यांचं ब्लँकेट जगातच असतं असं धरलेलं आहे. पहिल्याबद्दलचं गणित निर्विवाद आहे, पण त्याच्या जोरावर दुसऱ्याबद्दल दावे केले जातात. आणि गणितातही सगळं आलबेल नाही. मिगेल आगिलेरा आणि सहकाऱ्यांनी साध्या, रेषीय व्यवस्था घेऊन तपासलं तेव्हा फ्रिस्टन यांना हवी ती अट फारच थोड्या परिस्थितींत पुरी होते असं आढळलं. त्याहून अडचणीचं म्हणजे, ती पुरी व्हायला संवेदना आणि कृती यांच्यात जशी सममिती लागते, तशी जिवंत प्राण्यांत क्वचितच असते. सजीवांसाठी म्हणून आणलेली चौकट सजीवांनाच बसेना, याला काय म्हणावं?

चौकट जिथं बसते तिथं ती नको त्यालाही बसते. १६६५ साली ख्रिस्तियान हायगेन्स आजारपणात पडून असताना त्यांच्या लक्षात आलं की एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं काही वेळानं एका लयीत येतात. तुळईची बारीक थरथर एकाची बातमी दुसऱ्याला पोचवते. आता एका लंबकाला आत म्हणा, दुसऱ्याला बाहेर म्हणा, आणि तुळईच्या हालचालीला मधला पडदा. मग काय, लंबक दुसऱ्या लंबकाबद्दल अनुमान काढतो आहे? फ्रिस्टन यांच्या गटातल्या लोकांनी स्वतःच हे उदाहरण चर्चेला घेतलं आणि लंबकाचं अनुमान निव्वळ नावापुरतं, सजीवाचं मात्र भविष्याकडे पाहणारं, जुळवून घेणारं, असा भेद केला. प्रामाणिकपणाबद्दल त्यांना दाद द्यावी. पण भेद करावा लागला याचाच अर्थ, लंबक आणि जिवाणू यांच्यातला जो फरक आपल्याला हवा आहे तो सीमेच्या गणितातून निघालेला नाही, वरून घातलेला आहे.

तत्त्वज्ञांनी तर कहर केला. मन शरीराबाहेर पसरतं का, हा वाद अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ साली पेटवला. विसराळू माणसाची टिपणवही ही त्याच्या स्मृतीचाच भाग मानावी, असं त्यांचं म्हणणं. पुढं याकोब होवी यांनी मार्कोव्ह ब्लँकेटच्या आधारे दाखवलं की मनाची सीमा मेंदूच्या आसपासच पडते. त्यानंतर क्लार्क यांनी तेच ब्लँकेट घेऊन दाखवलं की सीमा हलती आहे, ती पसरू शकते. एकाच हत्यारानं दोन्ही पक्ष जिंकत असतील तर ते हत्यार निकाल देत नाही, हातात घेणाऱ्याची बाजू सांगतं. यावर बचावाचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की हे सगळं एक तत्त्व आहे, खोटं ठरवता येईल असा सिद्धांत नव्हेच. भौतिकशास्त्रात किमान क्रियेचं तत्त्व असतं, त्याला कुणी प्रयोगानं खोडत बसत नाही, त्याच्या चौकटीत राहून विशिष्ट नमुने बनवतो आणि ते नमुने तपासतो. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. मात्र मग तत्त्वाचा हवाला देऊन 'मन इथंच संपतं' किंवा 'पृथ्वी हा एक जीव आहे' असं सांगण्याचा हक्क उरत नाही. तपासणीतून सूट हवी असेल तर साक्षीदार म्हणून उभं राहता येत नाही.

आता सीमा पुसणाऱ्यांच्या तंबूकडे. दसपट जिवाणूंचा आकडा वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांतसुद्धा फिरला. २०१६ साली रॉन मिलो आणि सहकाऱ्यांनी तो नीट मोजला तेव्हा सत्तर किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशी, म्हणजे जवळपास बरोबरी, असा अंदाज निघाला. त्या मानवी पेशींतही बहुतांश तांबड्या रक्तपेशी. सगळ्या जिवाणूंचं वजन जेमतेम दोनशे ग्रॅम. पण समजा दसपट असते, तरी काय सिद्ध झालं असतं? डोकी मोजून हद्द ठरत नाही. हे जिवाणू बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असतात आणि त्यांच्या आणि रक्ताच्या मध्ये चिकट द्रवाचा थर आणि एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते अस्तर शरीर दर काही दिवसांनी नव्यानं घालतं. ही हद्द भ्रम आहे असं ज्याला वाटतं त्यानं आतड्याला भोक पडलेला रुग्ण पाहावा. त्याच निरुपद्रवी म्हणवल्या जाणाऱ्या जिवाणूंनी ती ओलांडली की काही तासांत माणूस सेप्सिसनं, म्हणजे शरीरभर उसळलेल्या जंतुसंसर्गाच्या विकारानं, दगावायच्या बेताला येतो. भ्रम मोडल्यानं कुणी मरत नाही.

या मंडळींचं आवडतं उदाहरण घटाकाशाचं. घटातलं आकाश वेगळं वाटतं, घट फुटला की कळतं ते बाहेरच्या आकाशाशी एकच होतं. वेदान्तात ते आत्म्याविषयी आहे, आणि त्या संदर्भात त्याच्याशी वाद घालण्याची माझी पात्रताही नाही, इच्छाही नाही. पण ते उचलून पेशीला लावलं की बिघडतं. घट कुंभारानं एकदा घडवला, भाजला, की नंतर तो स्वस्थ बसलेला असतो. पेशीला बाहेरचा कुंभार नाही. ती स्वतःच माती कालवते, स्वतःच चाक फिरवते, आणि घट झिजतो तिथं क्षणोक्षणी लिंपत राहते. शिवाय तिच्या आतलं 'आकाश' बाहेरच्यासारखं नसतंच, मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

या तंबूचा एक मुद्दा मात्र बिनतोड वाटतो: सीमा कुठं पडते हे पाहणाऱ्याच्या मोजपट्टीवर अवलंबून असेल, तर ती पाहणाऱ्याच्या मनातलीच ना? भारताचा किनारा अनेक दशकं ७,५१६ किलोमीटर म्हणून शिकवला गेला. अलीकडे अधिक बारीक नकाशावर, खाड्या आणि वळणं धरून पुन्हा मोजला तेव्हा सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटरच्या घरात गेला. समुद्र जागचा हलला नाही. मोजपट्टी बदलली की लांबी बदलते, हे लुइस फ्राय रिचर्डसन यांनी विसाव्या शतकातच दाखवलं होतं. म्हणून किनारा नाही असं कोणता कोळी म्हणेल? मोजपट्टी सांगितली की उत्तर पक्कं होतं, आणि ते कुणाच्या लहरीवर बदलत नाही.

मग सजीवाच्या सीमेत वेगळं काय? ज्या १६६५ साली हायगेन्स घड्याळं न्याहाळत होते, त्याच साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि दिसलेल्या कप्प्यांना सेल हे नाव दिलं. आजही आपण तेच वापरतो. पण हूक यांनी पाहिल्या त्या भिंती मेलेल्या पेशींच्या होत्या. जीवशास्त्राचा मूळ शब्द ज्या वस्तूला मिळाला तिच्यात सीमा शाबूत होती आणि जीव गेलेला होता. याच्या उलट बाजूनं पाहायचं तर सोडियम-पोटॅशियम पंप घ्या. खेकड्याच्या नसांवर काम करताना येन्स स्कौ यांनी १९५७ साली त्याचा छडा लावला आणि चाळीस वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. हा पंप एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत ओढतो, आणि हे अखंड चालतं. आपण निवांत पडलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा याच कामात जातो. आफ्रिकेत बाणांना लावायच्या वाबाइन नावाच्या विषानं हा पंप बंद पाडता येतो. पटल तिथंच असतं, त्याला भोकही पडलेलं नसतं. पण काही वेळातच आतलं आणि बाहेरचं मीठ समपातळीला यायला लागतं, पाणी शिरतं, पेशी फुगते. भिंत उभी आहे, राखणदार गेला. सजीवाची हद्द ही जागा कमी आणि चालू असलेलं काम जास्त आहे, असं मी म्हणतो ते या अर्थानं.

वारुळाचं उदाहरण मला याहून आवडतं, कारण तिथं हद्द कातडीच्या बाहेर पडते. वाळवी आत बुरशीची शेती करते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळावर जी चविष्ट अळंबी फुटते ती याच शेतीची. या शेतीला हवा लागते, ओल लागते. दक्षिण भारतातल्या वारुळांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या भिंतींमुळे आतली हवा फिरत राहते आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर निघतो. मग सजीव कोण? एकेक वाळवी, अख्खी वसाहत, की मातीसकट वारूळ? गणितवाला तिन्ही ठिकाणी ब्लँकेट काढून देईल, भ्रमवाला तिन्ही पुसेल. माझा प्रश्न सोपा आहे: वारुळाला खिंडार पाडा आणि बघा. वाळव्या ओल्या मातीचे गोळे घेऊन येतात आणि ते बुजवतात, म्हणजे ती हद्द वसाहतीची आहे आणि राखली जाते आहे. वसाहत मेली तरी वारूळ कित्येक पावसाळे उभं राहतं. आयत्या बिळात नागोबा येऊन बसतो, पण तो खिंडार बुजवत नाही.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात कठीण आक्षेप मीच सांगतो. बी घ्या. इस्रायलमध्ये मसादा किल्ल्यावर सापडलेली खजुराची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बी २००५ साली रुजली. जिवाणूंचे बीजाणू तर उकळत्या पाण्यातही तग धरतात. यात चालू काम असं जवळपास काहीच नसतं. खर्च शून्याच्या आसपास, हद्द मात्र शाबूत. मग 'सीमा म्हणजे काम' कुठं गेलं? काही प्रमाणात हा आक्षेप मला मान्य करावाच लागतो. एका क्षणाचा काटछेद घेतला तर सुप्त बी आणि वाळूचा खडा यांत माझी कसोटी फरक दाखवू शकत नाही. पण क्षणाचाच काटछेद घेणं ही तर संख्याशास्त्रीय बाजूची खोड होती. बीचं कवच झाडानं आधी काम करून घडवलेलं असतं, पुढचं काम करायची सामग्री आत भरलेली असते, आणि ओल मिळाली की खर्च सुरू होतो. पुढं ढकललेलं काम हेही कामच, जर ते पुढं खरोखर होणार असेल तर. ज्या बीचा अंकुर मेला आहे तिचं कवच हूक यांच्या बुचाच्या पंक्तीत बसतं. दोघींत आज फरक दिसत नाही, पेरल्यावर दिसतो. शेतकरी म्हणूनच उगवणक्षमता पेरून तपासतो.

सीमा मोजणं आणि सीमा कोण राखतं ते विचारणं यातला फरक आपल्याकडे एका फार वेगळ्या क्षेत्रात, फार पूर्वी, लखलखीतपणे मांडला गेला आहे. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकांची मापं घेऊन जाती वंशांत बसवल्या. नाक जितकं रुंद तितकं सामाजिक स्थान खालचं, असा त्यांचा दावा. पुढं संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्लींच्या आकड्यांची फेरतपासणी केली आणि १९३६ साली दोन समूहांमधलं अंतर अनेक मापं एकदम धरून कसं काढावं याची पद्धत दिली. ती आज जगभर त्यांच्याच नावानं चालते. पद्धत उत्तम. पण समूह कोणते हे आधी ठरवून दिल्यावरच ती अंतर सांगते. इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्यांची असमानता मोजत होत्या. तिचा वंशाशी संबंध असावा ही अपेक्षा होती, पण कर्वे यांना मापांत तसा संबंध दिसला नाही आणि त्यांनी तसं लिहिलं. या सगळ्या मोजणीच्या काळातच, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. त्यांनी नाकं मोजली नाहीत. त्यांनी विचारलं की ही कोंडलेली वर्तुळं बंद कशी राहतात? गोत्राबाहेर लग्न करणाऱ्या समाजावर जातीतच लग्न करण्याचं बंधन लादायचं तर वर्तुळात स्त्री-पुरुषांची संख्या सतत जुळवावी लागते. विधवा आणि विधुर ती जुळणी बिघडवतात. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही ती जुळणी टिकवण्याची किंमत. आणि ती कुणी मोजली हे सांगायला नको.

जात हा सजीव आहे असं मी चुकूनही म्हणत नाही. समाजाला शरीर मानण्याच्या उपमेनं पुरेसं नुकसान केलेलं आहे. मी फक्त प्रश्न विचारण्याची रीत उसनी घेतो आहे. मापांत फरक दिसला तर तो एखाद्या राखल्या गेलेल्या सीमेचा माग असू शकतो, मोजणाऱ्याच्या निवडीचा परिणामही असू शकतो. मापं कितीही वाढवली तरी यातलं काय खरं ते मापांतून कळत नाही. त्यासाठी सीमा चालू ठेवणारी यंत्रणा दाखवावी लागते. आंबेडकरांनी ती दाखवली. मार्कोव्ह ब्लँकेटवाल्यांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे.

नद्यांच्या बाबतीत हा प्रश्न कोर्टातही आला. मार्च २०१७मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्तीचा कायदेशीर दर्जा दिला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. नदी वाचवण्याच्या हेतूशी मी सहमत आहे. पण त्यासाठी नदी जीवशास्त्रीय अर्थानं जिवंत असल्याचं गणित मांडणं हा फुकटचा खटाटोप आहे. आपला कायदा देवळातल्या मूर्तीला आणि कंपनीलाही व्यक्ती मानतो, कुणी त्यांचं ब्लँकेट मागत नाही.

खरी कसोटी अतिदक्षता विभागात लागते. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठाचा, मृत्यू हा आपल्याकडे मृत्यू मानला. तपासण्या किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा करतात. त्यातल्या एका चाचणीत व्हेंटिलेटर थांबवतात, प्राणवायू चालू ठेवतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू देतात आणि छाती हलते का ते पाहतात. सीमेच्या गणितानं या खाटेकडे पाहिलं तर त्वचा आहे, तापमान आहे, हृदय धडधडतं आहे, सगळं शाबूत. डॉक्टर मात्र वेगळंच तपासत असतात: हवेसाठी धडपड करणारं आत कुणी उरलं आहे का? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीती परिषदेनं डिसेंबर २००८च्या अहवालात हेच सूत्र मांडलं. जगाला खुलं असणं, हवं ते जगातून मिळवण्यासाठी हालचाल करणं, आणि त्यामागे गरजेची ओढ असणं, हे सजीवाचं मूलभूत काम, आणि ते कायमचं थांबलं की मृत्यू.

इथं माझीच कसोटी मला अडचणीत आणते आणि ते लपवण्यात हशील नाही. मेंदूतज्ज्ञ ॲलन श्यूमन यांनी १९९८ साली अशा शंभराहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, जे मेंदूमृत ठरल्यावरही आठवड्याहून जास्त काळ यंत्रांवर टिकले होते. काहींच्या जखमा भरून आल्या, काहींनी जंतुसंसर्गाशी झुंज दिली, गर्भवती स्त्रियांच्या पोटात गर्भ वाढला. खिंडार बुजवण्याचं काम चालूच होतं की! यावर 'पण ते यंत्राच्या मदतीनं' हे उत्तर पुरत नाही. डायलिसिसवरचा किंवा मान मोडून श्वास गेलेला, पण शुद्धीत असलेला माणूसही यंत्राच्याच मदतीनं जगतो. माझं उत्तर असं की तिथं दोन हद्दी आहेत. ऊतींची हद्द अजून राखली जाते आहे. माणूस म्हणून जगाशी व्यवहार करणाऱ्याची हद्द राखणारं कुणी उरलेलं नाही आणि परत येणार नाही. कायद्यानं दुसरी हद्द निवडली, आणि ती निवड मला योग्य वाटते. पण ती माणसांनी केलेली निवड आहे. म्हणून अवयवदानासाठी नातेवाइकांशी बोलताना 'विज्ञानानं सिद्ध झालंय' एवढं सांगून त्यांच्यापुढे संमतीपत्र सरकवू नये. हृदय अजून का चालतं, श्वासाची धडपड थांबली म्हणजे नेमकं काय थांबलं, आणि त्यालाच आपण मृत्यू का म्हणतो, हे त्यांना सावकाश, त्यांच्या भाषेत सांगावं, आणि त्यांनी उलट प्रश्न विचारले तर तेही ऐकून घ्यावेत.